"जबाबदारी मी स्वीकारतो" असं म्हटल्यावर पुढे काय होतं?

पाऊलवाट

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतेय. मोठ्या पदावरचा माणूस जेव्हा सगळ्यांसमोर म्हणतो की झाल्या प्रकाराची पूर्ण जबाबदारी मी स्वीकारतो, तेव्हा तो नक्की काय स्वीकारतो? पगार तोच राहतो, खुर्ची तीच राहते, मग त्याच्याकडून गेलं काय आणि ज्याचं नुकसान झालं त्याला मिळालं काय? वाद घालायला विचारत नाहीये, मला खरंच समजून घ्यायचंय.

घडलं असं की माझ्या आईचं पेन्शन एका महिन्यात अचानक जमा झालं नाही. आधी वाटलं बँकेचा काही प्रॉब्लेम असेल, पुढच्या महिन्यातही आलं नाही तेव्हा आम्ही दोघी ऑफिसात गेलो. खिडकीमागच्या मुलानं नंबर टाकला, थोडा वेळ गप्प बसला आणि मग स्क्रीन माझ्याकडे फिरवली. आईच्या नावापुढे लिहिलेलं, मयत. आई माझ्या शेजारी खुर्चीवर बसलेली, हातात पिशवी, पिशवीत सगळी कागदपत्रं, आणि तो मुलगा हळू आवाजात मला विचारतोय की या कोण. त्यानंतर सात महिने गेले. ती जिवंत आहे हे सिद्ध करायचं काम तिचंच होतं, म्हणजे आमचंच. दाखला आणा, तो दाखला या नमुन्यात चालत नाही, साहेब रजेवर आहेत, परत या. त्या सात महिन्यांत तिची एक मुदत ठेव मोडावी लागली आणि त्याहून वाईट म्हणजे ती दुसऱ्यांशी बोलताना सुरुवातीलाच "मी आहे हो अजून" असं म्हणायला लागली.

नंतर कळलं की असं झालेली ती एकटी नाही, बरीच माणसं आहेत. आरडाओरडा झाला तेव्हा खात्याच्या वरिष्ठांनी सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावलं. माइकवर उभे राहून म्हणाले, ही चूक आमच्याकडून झाली आहे, मी खातेप्रमुख म्हणून तिची संपूर्ण जबाबदारी स्वीकारतो. आवाज शांत होता, चेहरा गंभीर होता, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या कारण निदान कुणीतरी कबूल करतंय याचंच इतकं बरं वाटलं. मग आईनं हात वर केला आणि विचारलं, "मला मयत कुणी लिहिलं?" ते म्हणाले, "आई, त्याची जबाबदारी मी घेतली आहे." आणि माइक पुढच्या माणसाकडे गेला.

थकबाकी आली, व्याज नाही, लेखी एक ओळ नाही. ते साहेब आता दुसऱ्या खात्यात आणखी वरच्या जागेवर आहेत. आईच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

तर विचारायचं हे की असं सगळीकडेच होतं का, आणि असं कुणी म्हणालं की समोरच्यानं त्यांच्याकडे नेमकं काय मागायचं?

जुनावाचक

पाऊलवाट, तुमच्या आईंनी जो प्रश्न विचारला तोच बरोबर प्रश्न होता, आधी हे सांगतो.

सगळीकडेच होतं का, तर हो, आणि यात एक गंमत नाही पण एक त्रास देणारी गोष्ट आहे ती म्हणजे जबाबदारी घेतल्यानं पुष्कळदा फायदा होतो. सगळ्यात ठळक उदाहरण केनेडींचं. एप्रिल 1961 मध्ये, ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असताना, अमेरिकेनं तयार केलेले जवळजवळ 1400 क्युबन निर्वासित कॅस्ट्रोचं सरकार उलथवायला क्युबात बे ऑफ पिग्सला उतरवले, तीन दिवसांत सगळं फसलं, शंभरावर माणसं मेली आणि अकराशेपेक्षा जास्त पकडली गेली. केनेडींनी पत्रकारांसमोर सांगितलं की सरकारचा जबाबदार माणूस मी आहे. त्यानंतर गॅलपच्या पाहणीत त्यांची लोकप्रियता 83 टक्क्यांवर गेली! ही मोहीम आखणारी गुप्तचर संस्था सीआयए, तिचे प्रमुख अॅलन डलेस मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात पदावरून गेले. म्हणजे जबाबदारी एकानं बोलून दाखवली आणि घरी दुसरा गेला. आणि जे पकडले गेले होते ते 1962 च्या डिसेंबरात सुटले, तेही 5 कोटी 30 लाख डॉलरचं अन्न आणि औषधं दिल्यावर. तेवढे वीस महिने ते तुरुंगात होते, त्यांना त्या 83 टक्क्यांचा काय उपयोग.

1983 मध्ये बैरुतला बॉम्बस्फोटात 241 अमेरिकन सैनिक गेले तेव्हाही राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी दोष द्यायचा तर तो माझ्या कार्यालयाला द्या असं सांगितलं, आणि त्यामुळे झालं काय तर खालच्या लष्करी अधिकाऱ्यांवर कारवाई करायचा विषयच मागे पडला. पुढच्या वर्षी ते 50 पैकी 49 राज्यं जिंकून परत निवडून आले. मी असं म्हणत नाही की ते खोटं बोलत होते. पण एकदा सगळ्यात वरच्या माणसानं "माझ्यावर घाला" म्हटलं की खाली कुणाला काही विचारायची सोय राहत नाही आणि वरच्याला विचारायची हिंमत कुणाला नसते.

दुसऱ्या बाजूची उदाहरणं पण आहेत. 1982 मध्ये अर्जेंटिनानं फॉकलंड बेटं घेतली ती 2 एप्रिलला, आणि ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनी 5 एप्रिलला राजीनामा दिला. पुढे चौकशी झाली त्या समितीनं तर सरकारला या आक्रमणाबद्दल दोष देता येत नाही असंच सांगितलं. आणि लालबहादूर शास्त्री, ते तर सगळ्यांना माहीत आहेत, नोव्हेंबर 1956 मध्ये अरियलूरचा रेल्वे अपघात झाला आणि रेल्वेमंत्रिपद सोडलं. त्याच वर्षी त्याआधी महबूबनगरच्या अपघातानंतरही त्यांनी राजीनामा देऊ केला होता, तो नेहरूंनी घेतला नव्हता. दुसऱ्यांदा घेतला, आणि घेताना सांगितलं की शास्त्रींचा दोष आहे म्हणून नाही तर पायंडा पडावा म्हणून.

टेबलामागे_31_वर्षं

मी आयुष्यभर तुमच्या त्या खिडकीच्या मागच्या बाजूला होतो, वेगळ्या खात्यात, म्हणून थोडं लिहितो. काही जणांना आवडणार नाही.

मयत नोंद कशी होते ते सांगतो, निदान आमच्याकडे अशा चुका कशा व्हायच्या ते. वरून आदेश येतो की अपात्र नावं काढा, इतक्या तारखेच्या आत. दुसऱ्या खात्याकडून मृतांची यादी येते. दोन्ही याद्या नाव आणि जन्मवर्षावर जुळवतात कारण दुसरा काही समान आकडा दोन्हीकडे नसतो. एकाच नावाची दोन माणसं निघणार हे यादी जुळवणाऱ्याला माहीत असतं, तो तोंडी सांगतो पण, त्याला म्हणतात नंतर दुरुस्त करू आधी तारीख सांभाळा. मग त्या गठ्ठ्यावर तीन सह्या होतात, तिन्ही सह्या करणाऱ्यांनी एकही नाव उघडून बघितलेलं नसतं कारण प्रत्येकाला वाटतं आधीच्यानं बघितलंय. आणि बोंब झाली की निलंबन कुणाचं होतं माहितीये? ज्यानं बटण दाबलं त्या डेटा एंट्रीवाल्याचं, जो कंत्राटावर असतो आणि ज्याला नाही म्हणायचा अधिकारच नव्हता. माझ्या डोळ्यादेखत झालंय. त्या मुलीचं वय 23 होतं, तिनं टेबलाचा खण रिकामा करताना मला विचारलं की काका मी चुकीचं काय केलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण तिसरी सही माझी होती. मला साधी नोटीसही आली नाही. हे मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितोय.

म्हणून "परिणाम भोगायला लावा" असं लोक म्हणतात तेव्हा मला भीती वाटते. परिणाम नेहमी उतारावरून खाली वाहतात.

विमानवाल्यांनी यावर एक रस्ता काढलाय तो बघण्यासारखा आहे. अमेरिकेत 1976 पासून नासा एक योजना चालवते, वैमानिकानं किंवा कंट्रोलरनं स्वतःची चूक दहा दिवसांच्या आत लिहून कळवली तर नाव गाव काढून टाकून फक्त घटना ठेवतात, आणि त्या चुकीसाठी सहसा लायसन्सवर कारवाई होत नाही. मुद्दाम केलेलं असेल, गुन्हा असेल किंवा अपघात झाला असेल तर ही सवलत नाही. माणसं बोलतात कारण बोलल्यानं पोटावर पाय येणार नाही याची खात्री असते. आमच्याकडे तशी खात्री असती तर यादी जुळवणाऱ्यानं तोंडी नाही, लेखी सांगितलं असतं.

नोंदवही

टेबलामागे काका, तुम्ही तिसऱ्या सहीचं लिहिलंत त्याला माझा खरोखर नमस्कार. पण विमानाच्या मुद्द्यावर मी पूर्ण सहमत नाही. वैमानिकाला माफी मिळते ती कशाच्या बदल्यात? सगळा तपशील दिल्याच्या बदल्यात. किती उंचीवर होतो, काय ऐकलं, काय ऐकू आलं नाही, कोणतं बटण दाबलं. पाऊलवाट यांच्या हॉलमधल्या साहेबांनी तपशील एक अक्षर दिला नाही आणि माफी मात्र घेऊन गेले. हा सौदा उलटा झाला ना.

ऑस्ट्रेलियाचं रोबोडेट प्रकरण वाचा, तुमच्या आईंच्या प्रकरणाचं मोठं भावंड आहे ते. सरकारी मदत घेणाऱ्यांनी जास्त पैसे उचलले का हे शोधायला वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, त्याला पंधरवड्यांनी भागायचं आणि दर पंधरवड्याला तेवढीच कमाई होती असं धरून चालायचं. ज्याला कधी काम मिळतं कधी नाही त्याचा हिशोब यात चुकणारच, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण मशीननं पत्रं पाठवली, आणि पैसे देणं लागत नाही हे सिद्ध करायचं काम पत्र आलेल्या माणसावर टाकलं, जुन्या पगाराच्या पावत्या शोधा म्हणून. खात्यातल्याच वकिलांनी 2014 मध्ये लिहून दिलं होतं की हे कायद्यात बसत नाही! तरी योजना चालू राहिली, 2019 च्या नोव्हेंबरात सरकारनं कोर्टात हार मानली तोपर्यंत. पुढच्या वर्षी 4 लाख 70 हजार वसुल्या रद्द करून पैसे परत द्यायचं जाहीर केलं. पंतप्रधानांनी संसदेत दिलगिरी व्यक्त केली. ज्यांना ही पत्रं आली त्यातल्या काहींनी जीव दिला, त्यांच्या आयांनी चौकशी आयोगापुढे येऊन सांगितलं.

आणि परिणाम? आयोगाचा अहवाल आला जुलै 2023 ला. सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं गेलं की 12 अधिकाऱ्यांनी आचारसंहिता मोडली, त्यात दोन माजी सचिव. पण जे नोकरी सोडून गेले होते त्यांना शिक्षा करता येत नाही असा नियम. म्हणजे वेळेत बाहेर पडलं की झालं. मी हे वाचलं तेव्हा माझा रात्रभर डोळा लागला नाही, कारण त्या योजनेत पत्र आलेल्याला मुदत होती, आणि पत्र पाठवणाऱ्याला काहीच मुदत नव्हती.

शब्दवेडा

छोटासा मुद्दा. जबाबदार या शब्दातच जबाब आहे. ज्यानं जबाब द्यायचा तो जबाबदार. उत्तरदायित्व म्हणा तरी तेच, उत्तर देण्याचं दायित्व. म्हणजे "मी जबाबदारी घेतो" याचा सरळ अर्थ "विचारा, मी उत्तर देतो" असा व्हायला हवा. हल्ली तो "आता विचारू नका" असा झालाय. आईंनी विचारलेल्या प्रश्नाला "त्याची जबाबदारी मी घेतली आहे" हे उत्तर देणारा माणूस त्या शब्दाच्या बरोबर उलटं वागला.

आणखी एक, ही निवेदनं वाचताना क्रियापद बघत जा. "चूक झाली", "त्रुटी राहिल्या", "गैरसोय झाली". पाऊस पडला तशी चूक झाली. "मी यादी न बघता सही केली" असं वाक्य मी कुठल्या निवेदनात अजून वाचलेलं नाही, ते या धाग्यावर टेबलामागे यांच्या प्रतिसादात पहिल्यांदा वाचलं.

कोरा_कागद

राजीनाम्यावर फार भिस्त ठेवू नका असं मला वाटतं. दोन उदाहरणं देते.

दक्षिण कोरियात 16 एप्रिल 2014 ला सेवोल जहाज बुडालं, 304 माणसं गेली, बहुतेक शाळेची मुलं. पंतप्रधान चुंग होंग-वॉन यांनी अकराव्या दिवशी जबाबदारी घेऊन राजीनामा जाहीर केला. त्यांच्या जागी ज्यांचं नाव पुढे केलं ते दोघेही एकामागून एक मागे फिरले, आणि जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांनी चुंग यांनाच परत ठेवून घेतलं. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ते पंतप्रधान होते. त्या मुलांच्या आईवडिलांनी राजीनामा ऐकला आणि मग तोच माणूस त्याच पदावर बघितला.

नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या भत्त्यात फसवणूक केली असा हजारो पालकांवर खोटा ठपका ठेवला, सगळी रक्कम परत मागितली, घरं गेली, संसार मोडले. 15 जानेवारी 2021 ला पंतप्रधान रुटे यांचं अख्खं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन मोकळं झालं. ऐकायला केवढं मोठं वाटतं. पण मार्चमध्ये निवडणूक ठरलेलीच होती, त्यात त्यांचाच पक्ष पहिला आला, आणि जानेवारी 2022 ला तेच परत पंतप्रधान. मधल्या काळातही काळजीवाहू म्हणून तेच होते.

मला बरं वाटलेलं एकच उदाहरण आठवतं, न्यूझीलंडचं, आणि ते राजीनाम्याचं नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनमध्ये आरोग्यमंत्री डेव्हिड क्लार्क कुटुंबाला घेऊन समुद्रावर गेले, म्हणजे स्वतःच सांगितलेला नियम मोडला. पंतप्रधान आर्डर्न यांनी स्पष्ट सांगितलं की एरवी काढून टाकलं असतं, पण साथ ऐन भरात असताना आरोग्य खातं हलवणं परवडणार नाही, म्हणून आत्ता त्यांना मंत्रिमंडळाच्या यादीत सगळ्यात खाली टाकते आणि दुसरं एक पद काढून घेते. जुलैत ते गेलेच. पण मला आवडलं ते हे की काय शिक्षा, किती आणि पूर्ण का नाही, हे लोकांना त्याच दिवशी सांगितलं.

टेबलामागे_31_वर्षं

नोंदवही, तुमचं पटलं. तपशील दिल्याशिवाय माफी नाही, हे मान्य.

पाऊलवाट, तुम्ही काय मागायचं विचारलंत ना, मग आतल्या माणसाकडून ऐका. "कारवाई करा" असं मागू नका, त्यावर "योग्य ती कारवाई करण्यात येत आहे" असं उत्तर येतं आणि फाईल बंद होते, मी स्वतः तशी उत्तरं लिहिलीयेत. कागद मागा. ज्या यादीवरून नाव गेलं त्या यादीची प्रत मागा. कशावर जुळवलं, नावावर की आणखी कशावर, ते मागा. नाव काढायच्या आधी घरी चौकशी करायचा नियम होता का आणि ती झाली का, हे विचारा. कोणत्या तारखेला कोणत्या पदावरच्या माणसानं मंजूर केलं ते विचारा, नाव नाही, पद. पदाचं उत्तर द्यायला ते नाही म्हणू शकत नाहीत आणि त्यामुळे बटण दाबणाऱ्यावर ढकलताही येत नाही, कारण मंजुरी त्याची नसतेच. आणि व्याज मागा, ते पैसे तुमचे होते.

प्रत्येक प्रश्न वेगळ्या ओळीवर, एकत्र लिहिले की सगळ्यात सोप्याचं उत्तर देऊन मोकळे होतात.

नोंदवही

यात माझी एक भर. ही यादी जुळवायची पद्धत अजून चालू आहे का, हेही विचारा. कारण ते साहेब नवीन खात्यात गेले पण पद्धत तिथेच राहिली असेल तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाची तरी आई मयत होईल.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी आईला हा अख्खा धागा वाचून दाखवला. शास्त्रींचं तिला माहीत होतं, रोबोडेटचं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. टेबलामागे काका, तुमचा प्रतिसाद तिनं दोनदा वाचायला लावला, आणि विचारलं की त्या मुलीला परत कामावर घेतलं का.

पत्र लिहायला बसलो. तुम्ही सांगितलंत तसं, एका ओळीवर एक प्रश्न. यादीची प्रत, जुळवायची पद्धत, घरी चौकशी झाली का, मंजुरी देणाऱ्याचं पद आणि तारीख, व्याज, पद्धत चालू आहे की बंद. सहा झाले. मी खाली आईचं नाव लिहिणार तेवढ्यात तिनं कागद ओढून घेतला आणि सातवा प्रश्न स्वतःच्या अक्षरात लिहिला: त्या हॉलमध्ये आलेल्या प्रत्येकाला हे लेखी कळवलं का, नसेल तर कधी कळवणार?

मी म्हटलं, आई आपलं आपल्यापुरतं मागू. तर म्हणाली, माझ्या मागच्या रांगेत एक आजोबा होते, त्यांना ऐकू येत नव्हतं, साहेब काय बोलले ते मीच त्यांच्या कानात सांगितलं, त्यांना वाटलं आता उत्तर येईल.

सही केली, तारीख टाकली. उद्या सकाळी दोघी जाऊन देऊन येतो आणि पोच घेतो. काका, ती विचारतेय त्या मुलीचं.

टेबलामागे_31_वर्षं

नाही घेतलं. आईंना सांगा की मी तिचा पत्ता शोधतोय. ती तेव्हा कुणाला दाखवू शकली नाही असं एक पत्र तिला लिहून द्यायचंय, तिसरी सही माझी होती असं, माझ्या नावानिशी.